वाकड्या तोटीची झारी

जुन्या छपरी बाजाराच्या दारातच आत्याने भाचीला थांबवलं.

"हे बघ चिमे, एखादी वस्तू आवडली तर तोंडावर दिसू द्यायचं नाही. उलट नावं ठेवायची. म्हणजे दुकानदार नरमतो."

चिमीने मान डोलावली. शिकवलेलं मनावर घेणारी मुलगी होती ती. पुढची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

बाजाराचं छप्पर एवढं उंच, की कबुतरांनी वर आपला वेगळा संसार थाटला होता. खाली फरशी चालून चालून मधोमध खोलगट झाली होती. टोपल्यांना नावं ठेवत, दोऱ्यांना नावं ठेवत आत्या पत्र्याच्या वस्तू करणाऱ्या काकांच्या गाळ्याशी पोचली.

तिथे चिमीला झाडांना पाणी घालायची झारी दिसली. एवढीशी, हिरवीगार. कुणी हाक मारल्यावर मान वळवावी, तशी तिची तोटी डावीकडे वळलेली. कडी उचलली की 'कुंई' करायची. चिमीचा जीव तिथेच अडकला.

मग ती कामाला लागली.

"तोटी वाकडी आहे. कडी कुरकुरते. बुडाला पोचा आलाय. रंगही एका बाजूलाच जाड बसलाय."

आत्या कृतकृत्य होऊन दुसरीकडे बघत राहिली.

काकांनी चष्मा लावून झारी फिरवून फिरवून पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

"खरंय पोरी. आजवर एवढं नीट कुणी पाहिलंच नव्हतं. असला माल विकायचा म्हणजे लाजच."

त्यांनी कडीत तेल सोडलं. कुंई बंद झालं. मग झारी ऐरणीवर आडवी घालून त्यांनी हातोडा उचलला.

"नको!" चिमी एवढ्याने ओरडली, की कबुतरं उडाली. "मला वाकडीच हवीय!"

आत्याने डोळे मिटून घेतले.

"मग एवढी नावं का ठेवलीस?" काकांनी विचारलं.

"खूप आवडली म्हणून."

काकांनी हातोडा खाली ठेवला आणि आत्याकडे जरा वेळ पाहिलं.

"सरळ तोटीच्या ढीगभर आहेत, बाई. वाकडी एवढी एकच. तिला जरा जास्त पडतील."

घासाघीस करायला आता तोंडच उरलं नव्हतं. काकांनी मागितले तेवढे पैसे आत्याने मोजून दिले. चिमीने झारी पोटाशी धरली. कुंई गेलं होतं, पण तोटी वाचली होती.

निघता निघता आत्याची नजर एका नरसाळ्यावर गेली.

"काय बाई हा पत्रा! अगदीच हलका."

"हेही बांधून देऊ का?" काकांनी विचारलं.