सोमवारचा साबुदाणा

त्या सोमवारी मी दुकानात बायकोसाठी, मल्लम्मासाठी, साबुदाणा तोलत होतो. छातीत दुखतं म्हणून तिला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, दुपारी सोडणार होते. मुरुडला घरी येईपर्यंत ती काही खाणार नाही हे मला माहीत होतं. पिशवी बांधली आणि मुलाचा, श्रीशैलचा, फोन आला.

"अप्पा, आई गेली."

आम्हा लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. खड्डा नेहमीच्या मापाचा खणला होता. माणसं थांबली. मग खड्डा हातभर रुंद केला. मी बाजूला उभा होतो.

तीस वर्षं ती सोमवार धरत होती. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तळलेले बटाटे. सगळं मीच दुकानातून घरी न्यायचो. उपवास म्हणजे कमी खाणं, असंच मला वाटायचं. बाकी दिवस ती गल्ल्यावर बसून असायची. जरा चालून ये म्हटलं की म्हणायची, "मी काय तुमच्या दुकानातलं पोतं हाय, इकडून तिकडं न्यायला?" गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "लठ्ठपणाचा कल हिला आईकडून आलाय, जनुकांतून. तो बदलत नाही. पण हिच्या बहिणीतही तोच असेल, ती रोज चालते, तळलेलं टाळते. तेवढं हिच्याही हातात आहे."

मी पहिलं तेवढं ऐकून घरी आलो. ज्याला त्याला सांगितलं, रक्तातच हाय, इलाज न्हाई. मल्लम्मालाही बरं वाटलं. मुलीनं, मंजुश्रीनं, तेच ऐकलं.

मंजुश्री चोवीस वर्षांची आहे. आईची ब्लाउजं आता तिला टीप न मारता बसतात.

महिन्यानं ती दुकानात आली. "आईचा सोमवार मी धरते, अप्पा. साबुदाणा द्या."

"आधी एकदा तपासून घे, पोरी."

"कशाला? रक्तातच हाय, तुम्हीच तर सांगत आलात."

मी साबुदाणा तोलून दिला.

डॉक्टरांचं पुढचं बोलणं सांगितलं, तर ती विचारेल, मग आईला का न्हाई सांगितलं. आज तिचा तिसरा सोमवार. मी अजून सांगितलेलं नाही.