हातगाडीच्या आधीची गोष्ट

माझ्या सासऱ्यांकडे एकच विनोद आहे आणि तो माझ्या नवऱ्याच्या जन्माचा आहे.

घरात चार माणसं जमली, चहाचे कप फिरले की ते घसा खाकरतात. "आमचे चिरंजीव हातगाडीवर जन्मले," इथून सुरुवात होते. भर दुपारी सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं, बाई घाबरली आणि चालतच निघाली. चौकात भाजीवाल्याने गाडीवरचा फ्लॉवर खाली उतरवून हिला वर चढवलं आणि दवाखान्याचं फाटक यायच्या आत पोरगं बाहेर. "गड्ड्यावर गड्डा फुकट," असं म्हणून ते स्वतःच्या मांडीवर थाप मारतात आणि सगळे हसतात. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, रोज इस्त्रीचा शर्ट घालतो, पण नातेवाइकांसाठी तो आजही गाडूच आहे.

लग्नाला चार वर्षं झाली. चार वर्षं मीही हसले. आता आठवलं की माझा मलाच राग येतो, कारण फ्लॉवर खाली उतरायच्या सुमारास सासूबाई दर वेळी पाणी आणायला उठायच्या आणि ते मला दिसत होतं. मला वाटायचं, लाजत असतील.

मी गाडी चालवायला शिकवते. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली छोटी पांढरी गाडी आहे, छपरावर शाळेची पाटी. शिकणारा स्टिअरिंगला लटकलेला असतो आणि मी शेजारच्या सीटवर बसून माझ्या ब्रेकवर पाय ठेवून त्याचा आणि रस्त्यावरच्या लोकांचा जीव वाचवत असते. बारा वर्षं हेच करतेय. माझा आवाज मोठा आहे, अशी घरात तक्रार आहे. या धंद्यात लहान आवाजाचं माणूस टिकत नाही.

तिसरा महिना संपला तेव्हा आम्ही घरी बातमी सांगितली. सासऱ्यांचे डोळे खरंच भरून आले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पेढे वाटावेत तशी शेजारी जाऊन बातमी वाटून आले आणि संध्याकाळी जमलेल्या माणसांना विनोद सांगितला. या वेळी शेवटी एक नवीन वाक्य जोडलं होतं. "आता नातवासाठी ट्रकच बघून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सासूबाई आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरपुढे उभ्या. हातात पासपोर्ट साइजचे दोन फोटो.

"फॉर्म दे," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. सत्तावन्न चालतं ना? का तुमच्याकडे पोरीबाळीच शिकतात?"

मी त्यांना बाहेर गाडीपाशी नेलं. म्हटलं, आई, काय झालं ते आधी सांगा. त्या मुकाट्याने ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या.

"गाडी दारात होती."

"कधी?"

"हा झाला तेव्हा. ते हातगाडीचं सांगतात, त्याच्या आधीचं सांगत नाहीत. नवी कोरी गाडी घेतली होती, दारात उभी. किल्ली बाहेरच्या खोलीत खिळ्याला. हे मित्राच्या स्कूटरवर बसून मॅच बघायला गेले होते. तासाभरात येतो म्हणाले. शेजारी कुलूप. मी तीन तास वाट बघितली गं. मग किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसले, अशीच. फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. आणि पुढे काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. इंजिन चालू, कळा चालू, आणि मी बसलेली."

मी वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"मग बंद केली, किल्ली परत खिळ्याला लावली आणि चालायला लागले."

"परत खिळ्याला कशाला लावलीत?"

"त्यांना सापडायला नको का?" त्या म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "तुझी वेळ येईल तेव्हा तू काही स्वतः चालवत जाणार नाहीस. गाडू दुकानात असेल, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला दारात बसून राहायचं नाहीये. भर तो फॉर्म."

मी भरला.

विद्यार्थिनी म्हणून सासूबाई महाकठीण. हातात गाडी असली तरी त्यांच्या अंगात यजमानीणच. समोरून कुणीही आलं की थांबायच्या आणि "या, या" अशी हाताने खूण करायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे, तर आरशात बघून मान लववायच्या. मी म्हणायचे, "आई, रस्ता आहे हा, आपला दिवाणखाना नाही." त्या म्हणायच्या, "ओरडू नकोस, पोटातलं ऐकतंय." क्लच मात्र आठवड्यात जमला. हात चांगला होता. अडायचं ते चढावर. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचे.

माझ्या पाचव्या महिन्यात त्या लायसन्सच्या परीक्षेला गेल्या. परीक्षक शेजारी बसला, मी कुंपणाबाहेर. चढाच्या मध्यावर एक कुत्रं आडवं आलं. त्यांनी थांबून त्याला जाऊ दिलं, आणि मग गाडी जी मागे आली ती खाली ठेवलेलं लोखंडी पिंप आडवं करूनच थांबली. नापास. सासऱ्यांना आयुष्यात दुसरा विनोद मिळाला. त्यांनी तो पहिल्याला जोडून टाकला आणि आठवडाभर खूश होते.

घरी येताना सासूबाई रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "तू ब्रेक दाबतेस."

"कधी?"

"चढावर. दर वेळी. मला पायाला कळतं. तू दाबतेस म्हणून मी शिकत नाही."

खरं होतं. मी त्यांना वाचवत होते, सगळे वाचवतात तशी. बाईला गाडीत बसवायचं, पण गाडी तिच्या ताब्यात द्यायची नाही, हे काम मीही मन लावून करत होते.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, गाडीत बसायचंच असेल तर सीट शक्य तेवढी मागे, पोट डॅशबोर्डपासून लांब. सीट मागे गेली आणि माझा पाय ब्रेकपर्यंत पोचेना. अंगठा तेवढा टेकायचा. हे आमच्या मालकांना कळलं. त्यांनी मला गाडीवरून उतरवून आत बसवलं, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता शिकवायला. काळजीनेच बोलत होते, पण ज्या सुरात बोलत होते तो सूर मी ओळखते. गाडी दारात आणि किल्ली खिळ्याला, असा तो सूर. मी म्हटलं, "साहेब, तक्ता शिकवते. पण माझी एक विद्यार्थिनी अर्धवट आहे. ती पास होईपर्यंत तिच्या शेजारी मीच बसणार. नको असेल तर दुसरी शिक्षिका बघा." त्यांनी बघितली नाही.

मग आमची खरी शिकवणी झाली. आई चालवायच्या आणि मी मागे सरकलेल्या सीटवर नुसती बसून बोलायचे. गाडी चढावर मागे सरकायची, माझा उजवा पाय आपोआप पुढे जायचा आणि हवेत लोंबकळून परत यायचा. भीती वाटायची. पोटावर हात ठेवून मी बसायचे आणि गाडी दर वेळी थांबायची, कारण आई थांबवायच्या.

दुसऱ्या परीक्षेचा मेसेज आला. शनिवार, दुपारी साडेचार. ही वेळ चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. मला आठवा लागला होता. दोन महिन्यांनी बाळ घरात असणार होतं आणि परीक्षा देऊन उपयोग काय राहणार होता? आणि त्याच शनिवारी तीन वाजता माझ्या नणंदेने बाळाच्या येण्याची पार्टी ठेवली होती. फुगे, केक, दोन मजली. तिने हौसेने पंचवीस माणसं बोलावली होती, सगळ्यांना सांगून झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिचं मन मोडायचं नाही. साडेतीनला केक कापू आणि पावणेचारला निघू."

साडेतीनला केक कापला गेला नाही, कारण सासऱ्यांची मोठी बहीण, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, उशिरा आल्या आणि त्यांच्यासाठी चहा पुन्हा टाकावा लागला. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, मी मधल्या खुर्चीवर, डोक्यावर फुग्यांची कमान, माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. आत्याबाईंनी विचारलं, "वेळ आली की हिला नेणार कोण? गाडू तर दुकानात."

"मी आहे की," सासरे म्हणाले. आणि घसा खाकरला.

पावणेचार झाले होते. "आमचे चिरंजीव," त्यांनी सुरू केलं. भर दुपार आली, घाबरलेली बाई आली, चौक आला. मी सासूबाईंकडे बघत होते. त्या सवयीने उठल्या. दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेल्या, आणि थांबल्या.

"गाडी कुठे होती ते सांगा," त्या म्हणाल्या.

सासरे हसतच म्हणाले, "कुठली गाडी? हातगाडी चौकात."

"आपली. नवी घेतलेली."

खोलीत कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"दारात होती," सासूबाई म्हणाल्या. "किल्ली त्या तिथे, त्याच खिळ्याला. आणि तुम्ही कुठे होतात?"

"अगं, आता जुनं काय उकरायचं? लोक बसलेत."

"लोकांनाच सांगतेय. तीस वर्षं हसतायत बिचारे, अर्धीच गोष्ट ऐकून. मी घाबरले नव्हते. मी त्या गाडीत बसून ती सुरू केली होती. चालवता येत नव्हती, कारण मी शिकवा म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुला कुठे जायचंय."

माझा नवरा केकची सुरी हातात धरून कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "आई, गाडी दारात होती?" त्याने विचारलं. जन्म त्याचा, आणि त्यालाच कुणी सांगितलं नव्हतं.

"होती रे," त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसून माझ्याकडे वळल्या. "ऊठ. उशीर होतोय."

"अगं आई, केक?" नणंद रडकुंडीला आली होती.

"दोन मजली आहे, पळून जात नाही," मी म्हटलं आणि फुग्यांखालून बाहेर पडले. माझ्यासाठीच जमलेली पंचवीस माणसं तशीच सोडून निघाले आणि मला जराही लाज वाटली नाही. उलट इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शाळेची पांढरी गाडी बाहेर उभी होती, सासूबाई चालवायला बसल्या. परिवहन कार्यालयाच्या अलीकडे एक मोठा चढ आहे आणि त्याच्या बरोबर मध्यावर सिग्नल. तो लाल लागला. आमच्या मागे पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, अगदी खेटून.

"पाय मागे घे," सासूबाई म्हणाल्या.

"पोचतच नाही माझा पाय."

"तरी मागे घे. मला दिसतोय तो अंगठा."

मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. हिरवा लागला. टँकरने हॉर्न दिला. सासूबाईंनी आरशात बघितलं आणि या वेळी मान लववली नाही. हँडब्रेक, क्लच, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं आणि आम्ही वर गेलो. एक बोटभरसुद्धा मागे आलो नाही.

परीक्षक तोच होता. त्याने सासूबाईंना ओळखलं आणि आधी जाऊन पिंप चार हात लांब सरकवून ठेवलं. मी कुंपणाबाहेर बाकावर बसले. आठचा आकडा झाला, रिव्हर्स झाला, चढ झाला. कुत्रं तिथेच सावलीत झोपलेलं होतं, त्याने मान वर करून बघितलं आणि परत झोपलं. वीस मिनिटांनी सासूबाई हातात कागद घेऊन आल्या. "पास," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी बसून रडल्या. मीही रडले. दोघी यथेच्छ रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोटातलं ऐकत असेल ना?" मी म्हटलं, "ऐकू दे."

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. अर्धी माणसं गेली होती, अर्धी बसून होती. नवऱ्याने फाटक उघडलं, आईच्या हातातला कागद बघितला, त्यांना मिठी मारली आणि आत जाऊन केक पुढ्यात आणला. कापला. सगळ्यांनी खाल्ला. सासऱ्यांनी कुठलाही विनोद सांगितला नाही. सासूबाईंकडे ते अधूनमधून बघत होते, पण जवळ येत नव्हते.

मग आत्याबाई निघाल्या. "चल, सोडतो तुला," सासरे म्हणाले आणि घरच्या गाडीच्या किल्लीसाठी सवयीने भिंतीकडे गेले. हात खिळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खिळ्याला काही नव्हतं.

"किल्ली कुठाय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी बशीतला शेवटचा घास संपवला. "माझ्या पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही पुढे बसा. आणि अहो, तुम्ही मागे बसा."

सासरे थोडा वेळ उभे राहिले. सगळे बघत होते. मग त्यांनी चपला घातल्या, बाहेर गेले, मागचं दार उघडून बसले. आम्ही सगळे पायरीवर आलो. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काच खाली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं.

"येतं ना तुला नीट?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"बेल्ट लावा," सासूबाई म्हणाल्या, आणि गाडी काढली.