पखालीचा हेला बसला तेव्हा

मी एक जुना, थकलेला हेला आहे, मित्रांनो. हेला म्हणजे रेडाच, पण पाठीवर पाण्याची पखाल वाहणारा. पखाल म्हणजे कातड्याची भलीमोठी पिशवी. ती भरली की माझ्या पाठीचा कणा करकर वाजतो. माझी गोष्ट फार मोठी नाही आणि मला फार बोलायची सवयही नाही. पण तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

माझा जन्म सोयगावकडचा. पुंजाराम नावाच्या शेतकऱ्यानं मला बाजारात आणलं आणि औरंगाबादच्या बलदियानं, म्हणजे शहराच्या पालिकेनं, मला विकत घेतलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझ्या कानाला पितळेचा बिल्ला लागला आणि मी सरकारी झालो. जब्बार भिस्ती माझा सोबती. तो नहरीच्या, म्हणजे शहरात पाणी आणणाऱ्या कालव्याच्या, हौदावर पखाल भरायचा आणि आम्ही दोघं गुलमंडीचा रस्ता शिंपडत जायचो. तिथं कापडाची दुकानं. धूळ उडाली की कापडाच्या ताग्यांवर बसते, म्हणून दिवसातून सहा खेपा. पहिली काही वर्षं लोक मला बघून म्हणायचे, काय जनावर आहे. नंतर कुणी काही म्हणेनासं झालं. रोजच्या गोष्टीकडं कोण बघतो?

बलदियाचा एक नियम होता, आणि तो चांगला होता. जनावर ओझ्याखाली बसलं तर आधी पखाल रिकामी करायची, मग त्याला उठवायचं. भरल्या पखालीनं उठताना जनावराचे पाय मोडतात, म्हणून.

एका चैत्रात मी खरंच बसलो. गुलमंडीच्या मागं एक अरुंद गल्ली आहे, तिच्या तोंडाशी. माझ्यानं पुढं जाववेना. जब्बारनं नियमाप्रमाणं पखालीचं तोंड सोडलं आणि पाणी धुळीत वाहू लागलं. तेवढ्यात त्या गल्लीतली जैतुनबी हंडा घेऊन धावत आली. तिच्या मागं शेजारची सारजाबाई कळशी घेऊन. त्या गल्लीची विहीर महिन्याभरापूर्वीच आटली होती. बायका पहाटेपासून लांबच्या हौदावर रांगा लावत होत्या. त्या दिवशी पाच घरांच्या चुली दारच्या पाण्यावर पेटल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिथं पोचलो तर जैतुनबी टोपली घेऊन उभी. टोपलीत भिजवलेली सरकीची ढेप. तिनं टोपली जमिनीवर ठेवली आणि माझ्या मानेवर हात ठेवून खाली दाबला. मी बसलो. खोटं कशाला सांगू? मला ढेप आवडते आणि बसायलाही आवडतं. जब्बारनं एकदा टोपलीकडं बघितलं, एकदा आभाळाकडं.

"बसला बुवा," तो म्हणाला. "नियम म्हंजे नियम."

मग रोज तसंच चाललं. तिसरी खेप गल्लीची. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले तेच दिवस सुखाचे होते.

पण सहातली एक खेप कमी झाली की रस्त्याचं शेवटचं टोक कोरडं राहतं. तिथल्या दुकानदारांनी तक्रार केली. बलदियाचे देखरेख करणारे दारोगासाहेब चौकशीला आले. मला बसलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर लिहिलं, हेला निकामी, गुरुवारी लिलाव. मित्रांनो, म्हाताऱ्या हेल्याला कोण घेतं आणि कशासाठी घेतं, ते मला ठाऊक होतं. मला ढेप गोड लागेना.

गल्लीत भांडण जुंपलं. खरं सांगावं तर पाणी जातं आणि जब्बारची नोकरीही. गप्प बसावं तर मी जातो.

"हेल्याचं काय, दुसरा येईल की," सारजाबाई म्हणाली.

"यील. आन् त्याला बी आपण बसवू. मग त्याचा बी लिलाव," जैतुनबी म्हणाली. "ह्यानं काय वाईट केलं गं आपलं? त्याला आपण बसवलं, सारजा. तो लबाड नाय, लबाड आपण हाव."

सारजाबाईनं हातातली कळशी खाली ठेवली. मग जब्बारकडं वळली. "जब्बारभाई, तुमचं काय म्हणणं?"

"माझी नोकरी गेली तर दुसरी बघीन," तो म्हणाला. "ह्याला दुसरी नाय."

गुरुवारी मला बलदियाच्या आवारात बांधलं होतं. घेणारे माझ्या बरगड्या चाचपत होते. तेवढ्यात गल्लीतल्या दहा-बारा बायका आत शिरल्या. जैतुनबीनं साहेबांसमोर टोपली ठेवली आणि मी, सवयीचा गुलाम, सगळ्यांसमोर गुडघे टेकून बसलो.

"बघा साहेब," ती म्हणाली. "निकामी नाय. आमी शिकवलंय त्याला."

सगळं ऐकून साहेब म्हणाले, "विहीर आटली हे आधी सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगायचं?" सारजाबाई म्हणाली. "हितनं दवंडी येती, ती आमी ऐकतो. आमचं ऐकायला कोण येतं?"

साहेब माणूस बरा होता. चिडला नाही. त्यानं दुकानदारांनाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं. ठरलं असं की सकाळची पहिली खेप गल्लीला, ती रस्त्याच्या सहा खेपांशिवाय जादा. त्या खेपेची पखाल गल्लीतल्या लोकांनी पाळीपाळीनं स्वतः भरून द्यायची. रस्त्याच्या टोकाला पखालीतलं पाणी दुकानदारांनी आपापल्या दारापुढं शिंपडायचं, म्हणजे जब्बारचा वेळ वाचेल. जब्बारला दम मिळाला, नोकरी राहिली. लिलाव रद्द झाला. कागदावर सह्या झाल्या, अंगठे उठले आणि लोक हसत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं हौदावर हजर होती. पखाल कधी नव्हे ती काठोकाठ भरली. मी गल्लीत पोचलो आणि जैतुनबीच्या दाराशी थांबलो. तिनं हंडा भरला, घाईघाईनं आत गेली. तिच्या हातात टोपली नव्हती. आता ते पाणी हक्काचं होतं, त्यासाठी मला बसवायची गरज उरली नव्हती. ती वाईट नाही, मित्रांनो. तिच्यामुळंच मी जिवंत आहे. ढेपेचं तिच्या ध्यानातच आलं नसेल.

तेव्हापासून सहाच्या सात खेपा झाल्या आहेत. बलदिया आणि गल्ली महिन्यातून एकदा सतरंजीवर बसतात, आणि हे फार चांगलं झालं, असं मीही म्हणतो. तुमच्या गावातही तसं व्हावं. विचारल्याशिवाय कळत नाही आणि सांगितल्याशिवाय सुटत नाही. फक्त त्या बैठकीत कुणीतरी एवढं विचारावं, की हे सगळं कुणाच्या पाठीवरून येणार आहे आणि त्याला काय खायला घालणार.

माझे गुडघे आता खरोखर दुखतात. पण मी बसत नाही. बसलो तर लोकांना वाटेल, ढेप मागतोय.