शिडूची मांदेली

बोट अजून दिसतही नसायची, तेव्हा शिडूचा कान उभा राहायचा. पुढच्या पायांवर टेकवलेलं डोकं वर यायचं, शेपटी एकदा जमिनीवर आपटायची आणि तो सुटायचा. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखालून थेट पाण्यापर्यंत.

वरोरच्या बंदरावर बोटी पुष्कळ, आणि सगळ्यांची इंजिनं डिझेलवरच ओरडतात. पण नविनच्या बोटीचं इंजिन सहा ठोके सरळ देऊन सातवा गिळायचं. माणसांना ते बोट जवळ आल्यावर कळायचं, शिडूला कितीतरी आधी.

"वेळेवरून ओळखत असेल," नविनची आई, सुधा, म्हणायची.

"कसली वेळ? भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. याच्या गळ्यात काय पंचांग बांधलंय?" असं म्हणून नविन हसायचा.

त्याला शिकवायला कोणी बसलं नव्हतं. गुंडाळलेल्या शिडाच्या कापडात सापडलेलं पिल्लू ते, म्हणून शिडू. नविन किनाऱ्याला पाय लावायच्या आधीच बोटीवरून एक मांदेली त्याच्याकडे भिरकावायचा. पिल्लू आधी मांदेलीमागे धावलं. मग बोट दिसली की धावायला लागलं. मग नुसत्या आवाजावर. बोटभर मासळीसाठी त्या मुक्या जिवाने एवढं सगळं जोडत नेलं, याचं नविनच्या बायकोला, शितलला, नवल वाटायचं. आणि शिडू सुटला की ती चुलीवर भाताचं आधण चढवायची, म्हणजे नविन येईपर्यंत भात होतो. तीही शिकलीच होती.

नविन गेला, पण दर्यात नाही. मासेमारी बंदीच्या दिवसांत, बोटी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असताना, त्याला कावीळ झाली. आठ दिवस झाडपाला झाला, मग वापीचं हॉस्पिटल, आणि तिथून चौथ्या दिवशी तो पांढऱ्या चादरीत परत आला. जिजाला, त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला, शेजारच्या घरी ठेवलं होतं. तिने काही पाहिलं नाही. "बाबा कुठे?" तिने विचारलं, तेव्हा शितलच्या तोंडून कोळ्याच्या घरात रोज निघतं तेच निघालं.

"दर्यात गेलाय."

बंदी उठायच्या आत बोट गावातल्या एकनाथकाकांनी घेतली. हिरवी होती, निळी केली. नावही बदललं. इंजिन मात्र तेच राहिलं.

पहिल्याच खेपेला ते सहा ठोके आले, सातवा गिळलेला, आणि शिडू बाणासारखा गेला. त्याच्यामागे जिजा, "बाबा आला, बाबा आला" करत. एकनाथकाका उतरले. शिडूने त्यांचे पाय हुंगले, बोटीला चक्कर मारली, पुन्हा पाय हुंगले. जिजा त्यांच्या पाठीमागे वाकून बघत राहिली.

"आज नाय आला, बाय," शितल म्हणाली. "उद्या येईल."

पंधरा-वीस दिवसांत शिडू बदलला. आधी पाण्यापर्यंत जायचा, मग बांबूंपर्यंतच. मग अंगणाच्या कडेला उभा राहून ऐकायचा आणि परत फिरायचा. एक दिवस आवाज आला आणि त्याने फक्त कान हलवला.

शितल दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. माणसं विसरतात ते तिने पाहिलं होतं. नविनचे मित्र बंदरावर पुन्हा मोठमोठ्याने हसायला लागले होते, आणि त्यात काही चूक नाही हे तिलाही कळत होतं. पण या जिवाला कोणी समजूत घातलेली नव्हती, त्याला तेराव्याचं जेवण जेवायचं नव्हतं. त्याच्या लेखी नविन अजून समुद्रात कुठेतरी होता. तो कान खाली पडला की गावात नविनची वाट बघणारं कोण उरणार?

दुसऱ्या दिवशी तिने पदरात एक मांदेली बांधली. बोट लागताना काकांच्या नकळत, बोटीच्या आडून, तिने ती शिडूपुढे टाकली. त्याने डोळे मोठे करून बोटीकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पाण्यापर्यंत धावला.

रोज जमायचं नाही. कधी टोपली घेऊन डहाणूच्या बाजाराला जावं लागायचं, कधी सासू बरोबर असायची. पण शिडू आता पूर्वीपेक्षा जोरात धावायचा, आणि जिजाही. बाबा येतोय हे तिला शिडू सांगायचा. बोट येईपर्यंत ती जेवेनाशी झाली. आवाज आला की ताटावरून उठायची. एकदा लाट छातीपर्यंत आली तरी मागे हटली नाही. एकनाथकाकांनी उचलून घरी आणली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

"शितल पोरी, मी आता दुसऱ्या बंदराला बोट लावू का?" काकांनी मान खाली घालून विचारलं.

"नको काका. तुमची काय चूक?"

ते गेल्यावर सुधा सुनेच्या पदराकडे बघत म्हणाली, "वास येतो गं मासळीचा. मला म्हातारीला काय कळत नाय?"

त्याच आठवड्यात कुत्र्यांना लस टोचायला पंचायतीच्या आवारात माणूस आला. सुदर्शन त्याचं नाव. सगळे डॉक्टर, डॉक्टर म्हणत होते.

"डॉक्टर नाही हो, पट्टीबंधक. जनावरांच्या दवाखान्यातला मदतनीस. डॉक्टर म्हणालात तर तुमचं कुत्रं फी मागेल," तो म्हणाला आणि शिडूची मान धरून सुई टोचून मोकळाही झाला.

शितलने विचारलं, "याची एक सवय मोडायची असेल तर? एका आवाजावर धावतो. पूर्वी खायला मिळायचं."

"आता मिळत नाही?"

"मधूनमधून मिळतं."

"मग कसा थांबेल, वहिनी? रोज देणारा परवडला. रोज मिळणारं बंद झालं की कुत्र्याला लवकर समजतं. मधूनमधून देणारा त्याला आयुष्यभर पळवतो. आज नाही मिळालं, तर उद्या मिळेल."

शितलने शिडूच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बंदच करायचं?"

"एकदम. आणि आधी वाढेल बरं का. जास्त धावेल, भुंकेल, ओरबाडेल. आपलंच काहीतरी कमी पडतंय असं वाटतं त्याला. तेव्हा मन घट्ट करायचं. तेव्हा दिलंत, तर सगळं पाण्यात."

घरी येताना तिच्या कानात स्वतःचंच बोलणं होतं. आज नाही, उद्या येईल. हे रोज संध्याकाळी कोणाच्या पुढ्यात टाकत होती ती?

पदरातली मांदेली तिने त्या दिवशी कालवणात घातली.

सुदर्शन म्हणाला तसंच झालं. तिसऱ्या दिवशी शिडू बोटीपुढे उभा राहून इतका भुंकला की माणसं हातातली जाळी टाकून बघायला आली. चौथ्या दिवशी त्याने बोटीच्या कडेवर नखं मारली, निळा रंग खरवडून आतला हिरवा दिसेपर्यंत. मग शितलकडे येऊन तिचा पदर हुंगला आणि समोर बसला. ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. हाताशीच टोपलीभर मासळी होती.

जिजाला सांगायचं मात्र दिवसावर दिवस राहत होतं. एका संध्याकाळी ती तिला भात भरवत होती, तेव्हा तेच सहा ठोके आले. शिडूने कान हलवला आणि कूस बदलली. जिजा उठता उठता थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"शिडू नाय जात?"

"नाय."

"का?"

शितलने हातातला घास ताटात ठेवला.

"कारण बाबा त्या बोटीत नाय, बाय. बाबा खूप आजारी पडला आणि मेला. दर्यात गेला म्हणून मी खोटं सांगितलं. तो आता येणार नाय."

जिजाने तिचा पदर ओढला.

"उद्या?"

"उद्यापण नाय."

"मग बोट कोण चालवतो?"

"एकनाथ आजोबा."

"त्यांना चालवता येते?"

"येते," शितल म्हणाली. "चांगली येते."

जिजाने बसल्या जागी तोंड उघडलं. शितलने घास भरवला आणि तिचे स्वतःचे डोळे वाहू लागले, तरी हात ताटाकडे जात राहिला.