पाचवीपर्यंत पाणी नाही

ब्रह्मपुरीच्या एका राइस मिलमध्ये मी काट्याजवळ बसून वजनं लिहायचो. १९८८ च्या उन्हाळ्यात मिलचं काम मंद होतं, म्हणून विमा एजंटाच्या परवान्याची परीक्षा द्यायचं ठरवलं. गुणवंतराव नावाच्या विमा अधिकाऱ्यांनी मला एक पुस्तक आणि दहा कोरे फॉर्म दिले. "घरच्याच माणसाले गिऱ्हाईक समज अन् फॉर्म भर," ते म्हणाले, "पेपर सोपा जाईन."

पुढच्या रविवारी दुपारी माझी बायको गुलाब पडवीत मोहफुलं निवडत बसली होती. तिला आठवा महिना होता. आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि हे पहिलंच टिकलेलं बाळ होतं. मी फॉर्म घेऊन तिच्यासमोर बसलो.

"मायाच इमा काढता?" ती हसली. "अवो, मले मारता का काय?"

"नाई वं. सराव करून राह्यलो. कमाई सांग."

"रोवणीले जातो, निंदनाले जातो, मोहा येचतो."

"पुस्तकात ते धरत नाई. नोकरी पाह्यजे."

"मंग तुमच्या पुस्तकाले भात कोन रोवून देते?"

पुढच्या पानावर बायकांसाठी वेगळे प्रश्न होते. गरोदर बाईचा विमा बाळंतपण होऊन काही महिने जाईपर्यंत पुढे ढकलावा, असं पुस्तकात लिहिलं होतं. मी ते तिला वाचून दाखवलं.

"म्हंजे पोट हाय तवर मी चालत नाई," गुलाब म्हणाली. "अन् नंतर चालन. पन तवर जगलो पाह्यजे ना."

मी हसलो. नंतर घरच्या माणसांची माहिती आली. कोण जिवंत, कोण गेलं, कोणत्या वयात, कशानं. गुलाबची आई तिच्या लहानपणीच गेली होती. कशानं ते तिला माहीत नव्हतं. मोठी बहीण बावीस वर्षांची असताना गेली होती.

"कशानं?"

मोहफुलं निवडणारा तिचा हात थांबला. "ताप म्हंतेत सारे. मी होतो ना तिथी. बाळंत झाली, चवथ्या दिवशी गेली. पानी पानी करत गेली."

"ताप लिवतो मंग."

"लिवा. कागदाले काय समजते."

मी चांगल्या अक्षरात 'ताप' लिहिलं. गुणवंतरावांनी तो फॉर्म पाहून मला शाबासकी दिली.

आमच्या घरात, आणि आमच्या आजूबाजूच्या कितीतरी घरांत, बाळंतिणीला पाचवीपर्यंत पाणी देत नाहीत. पाचव्या दिवशी पूजा होते, मग पाणी. तोवर सुंठीचा दोन घोट काढा आणि कोरडा भात. पाण्यानं पोट सुटतं, दूध पातळ होतं, बाळाला सर्दी होते, असं म्हणतात. खोलीचं दार लावून घेतात आणि बाजेखाली शेगडी ठेवतात. पुरुषानं आत जायचं नसतं. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि सगळ्या जगात असंच असेल असं मला वाटत होतं.

मे महिन्यात गुलाब बाळंत झाली. मुलगी झाली. बाहेर उन्हाचा इतका कडाका होता की दुपारी अंगणातली कोंबडीसुद्धा हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी आतून तिचा आवाज यायला लागला.

"आई, पानी."

माझी आई, बायनाबाई, दाराशी बसली होती. "सात बाळंतपनं झाले माये," ती म्हणाली. "पाच दिवस थेंब नाई घेतला. मेली का मी?"

माझ्या धाकट्या भावाची, इसरूची बायको चंदा तिथेच सूप घेऊन उभी होती. तिचं लग्न होऊन तीन महिने झाले होते.

"आई, ताप हाय तिले," मी म्हटलं. "दवाखान्यात नेऊ."

"पाचवीच्या आंदी घराबाहेर काढतेत का बाळंतीन? तू पुस्तक वाच आपलं."

मी पुस्तक वाचलं. हे मला लपवायचं नाही. पडवीत बसून मी पुस्तक वाचलं, आणि मधल्या कुडातून मला तिचा आवाज ऐकू येत होता. दवाखान्याच्या खर्चाचा विमा तेव्हा नवीनच निघाला होता. त्यावरचा धडा मी त्या दुपारी पाठ केला.

चौथ्या दिवशी चंद्रपूरला पेपर होता. पहाटेच्या एसटीला निघण्याआधी मी खोलीच्या दाराशी गेलो. आई मागे परसात होती. मी फटीतून हाक मारली.

"अवो," गुलाब म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "गिलास नाई मांगत. घोटभर द्या. तोंड ओलं करतो."

रांजण माझ्यापासून चार पावलांवर होता.

"उद्या पाचवी हाय," मी म्हटलं. "एवढा दिवस काढ. मी संध्याकाळवरी येतो."

ती म्हणाली, "जा. पेपर चांगला लिवजा."

मूलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी पाणपोईवर दोन ग्लास पाणी प्यायलो. चंद्रपूरला उतरल्यावर आणखी प्यायलो. पेपरात चौथा प्रश्न होता : नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचा विम्याचा प्रस्ताव का पुढे ढकलावा? मी दीड पान लिहिलं. जंतुदोष, रक्तस्राव, ताप, अशक्तपणा, सगळं लिहिलं. घरी कोण पडलंय ते लिहिताना माझ्या मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. तरी मी उत्तर पूर्ण केलं.

संध्याकाळी गावच्या फाट्यावर इसरू उभा होता. मला पाहून तो रडायला लागला.

"कवा?" मी विचारलं.

"दुपारी. पानी पानी करे. मंग चूप झाली."

दुसऱ्या दिवशी पाचवीची पूजा झाली नाही. तेरवी झाल्यावर मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला जाऊन विचारलं. ते म्हणाले, ताप होताच, पण भरपूर पाणी दिलं असतं आणि तिसऱ्या दिवशी इथं आणली असती, तर बहुतेक वाचली असती. मी पास झालो. परवाना पोस्टानं आला.

मी गावोगाव फॉर्म भरत फिरलो. कोणाची आई, बहीण, पहिली बायको ऐन तरुणपणी तापानं गेली असं कळलं, की मी विचारायचो, "बाळंतपण होतं का? पाणी दिलं होतं का?" लोक चिडायचे. एकानं मला ओट्यावरून उतरवलं. गुणवंतराव म्हणाले, "हरिदास, आपन इमा इकतो, भांडनं नाई." वर्षभरात मी ते काम सोडलं.

मग चंदाला दिवस गेले. नववा लागला तेव्हा मी इसरूला म्हटलं, बाळंतपणाला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात ने. "आई आयकत नाई," तो म्हणाला. मी आईसमोर बसलो.

"आई, या वक्ती पानी द्यायचं."

"आता पानी देऊ म्हंतो?" ती म्हणाली. "मंग गुलाबले मी मारलं का? सांग. माया तोंडावर सांग."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गुलाबच्या मुलीला तीच सांभाळत होती, तिला मांडीवर घेऊनच ती माझ्याशी बोलत होती.

चंदा बाळंत झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तांब्या भरला आणि आईला ओलांडून खोलीत शिरलो. आमच्याकडे सून भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावापुढे, तोंड उघडत नाही. दोन वर्षांत चंदा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिचे ओठ फुटले होते. तिनं पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे पाहत म्हणाली,

"भाऊजी, नोको. मी पेलो अन् लेकराले काई झालं, तं सारे मलेच म्हनतीन. न्या ते."

"चंदा, तू पाह्यलं ना गुलाबले?"

"पाह्यलं. म्हनूनच भेव वाटते. न्या."

मी तांब्या घेऊन बाहेर आलो. आईनं दार लावलं.

चंदा जगली. पाचवीला ती न्हाऊन बाहेर आली. आईनं साऱ्या आळीला बोलावून दाखवलं, "पाहा. नाई दिलं पानी. मेली का?" बायकांनी माना हलवल्या. ज्या जगतात त्या पुरावा होतात, आणि ज्या मरतात त्यांचं नशीब असतं. पुढच्या बाळंतपणाला चंदाच दुसऱ्या कोणाच्या दाराशी बसेल. माझी मुलगी मोठी होते आहे, त्याच घरात.

गावात माझं कोणी ऐकत नाही. मी ऐकण्यासारखा माणूसही नाही. माझ्या बायकोनं घोटभर मागितलं तेव्हा मी चार पावलं चाललो नाही. म्हणून इथं, या वर्तमानपत्रात लिहितो. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात आज दार लावून बाळंतीण ठेवली असेल, तर पुढचं वाचू नका. पेपर खाली ठेवा, आत जा आणि तिला पाणी द्या. ती नको म्हणाली तरी द्या.