पाच फूट एक इंचाची तोफ

"युद्धाचा इतिहास यापुढे दोनच भागांत लिहिला जाईल. या तोफेच्या आधीचा आणि या तोफेच्या नंतरचा!" असं म्हणून संचालकांनी तोफेच्या नळीवर थाप मारली, आणि त्यांचा तळहात हिरवा झाला. रंग ओला होता. शिवाय तोफ लाकडाची होती.

ती केली होती मिस्त्रींनी. रणगाडे आणि स्वतः चालणाऱ्या तोफा घडवणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात इंजिनियर साडेतीनशे आणि सुतार एकच. कुठलंही वाहन पोलादात घडवण्याआधी त्याचा पूर्ण आकाराचा लाकडी नमुना करायचा, त्यात सैनिक बसवून मापं घ्यायची आणि मग नकाशे काढायचे, अशी तिथली पद्धत. सैनिक मागवायला अर्ज गेला. सात टेबलांवर पाहुणचार घेऊन तो "सैनिक कशासाठी हवेत?" असा शेरा मिरवत परत आला, तेव्हा ड्राफ्ट्समन वैतागून म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आत आहातच. तोफचीच्या जागेवर जरा टेका."

मिस्त्री टेकले, दुर्बिणीला डोळा लावून "छान दिसतंय" म्हणाले आणि पुन्हा रंधा मारू लागले. नकाशात त्यांची नोंद झाली 'प्रमाण सैनिक'. उंची पाच फूट एक इंच.

दोन वर्षांनी पोलादी तोफ उभी राहिली. वजन बावन्न टन, खाली रणगाड्यासारखे पट्टे, आणि पल्ला चाळीस किलोमीटर. गोळे भरायला आत माणूस नको, ते काम यांत्रिक हात करणार. थांबल्यापासून तिसाव्या सेकंदाला पहिला गोळा बाहेर. पाच गोळे वेगवेगळ्या कोनांतून असे सोडायचे, की सगळे एकाच क्षणी एकाच जागी पडावेत. आणि शत्रू उत्तर देईस्तोवर तोफ तिथून पसार. हे सगळं अत्यंत गुप्त असल्यामुळे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी ठाऊक होतं.

"म्हणजे दगड मारायचा आणि कुणी बघायच्या आत पळायचं," मिस्त्रींची बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "माझी धाकटी जाऊ हेच करतेय वीस वर्षं. तेही डिझेलशिवाय."

"अगं, विज्ञान आहे ते."

"असू दे. एकतीस तारखेला तुम्ही सुटताय ना, तेवढं सांगा."

मिस्त्री एकतीस तारखेला निवृत्त होणार होते. परगावी मुलीला आठवा महिना लागला होता, आणि पाळण्यासाठी सागवानाच्या चार फळ्या मिस्त्रींनी कधीच्या वाळवून ठेवल्या होत्या. सामान बांधून झालं होतं. उरले होते दिवस अकरा.

आणि चाचणीला खरा तोफची आला. सहा फुटी गडी. आत बसला आणि 'ठण्ण' असा आवाज आला. तोफ सुटली असं समजून दोन अधिकाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. सुटलं काही नव्हतं, तोफचीचं डोकं छताला लागलं होतं. दुर्बीण त्याच्या हनुवटीशी आली होती. दुसरा तोफची आणला, तिसरा आणला. तिघांच्या टेंगळांची सविस्तर नोंद झाली आणि समिती नेमली गेली.

समितीने चार दिवस खल केला. छत उंचावायचं तर तोफेचा सगळा बुरूज नव्याने करावा लागणार, म्हणजे तीन वर्षं. म्हणून शिफारस अशी, की तोफ निर्दोष आहे, सैनिक वाढीव आहेत. यापुढे तोफखान्यात बुटक्यांची भरती व्हावी. तोवर पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकाला प्रमाण सैनिकच बसवावा.

"मी?" मिस्त्री म्हणाले. "साहेब, मला बंदुकीचा घोडासुद्धा ठाऊक नाही."

"सगळं संगणक करतो हो," संचालक म्हणाले. "तुम्ही दुर्बिणीत बघायचं आणि हिरवं बटण दाबायचं."

प्रात्यक्षिकाच्या सकाळी मिस्त्री आत बसले. सुताराचा हात सवयीने सीटखाली गेला. तिथे पाच इंच उंचीची पोलादी पेटी होती आणि तिचा एक कोपरा तिरका कापलेला होता. मिस्त्रींनी तो कोपरा पुन्हा चाचपला. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीपर्यंत डोळा पोचेना, म्हणून त्यांनी भंगारातला एक ठोकळा बुडाखाली सरकवला होता. त्याचा कोपरा करवत घसरून उडाला होता. ड्राफ्ट्समनने इमानेइतबारे तोही मोजला होता. पेटीवर सुबक अक्षरांत कोरलं होतं : 'आसन-उन्नती पेटिका, भाग क्रमांक ४४१७'.

"साहेब, हे सीटखालचं जर काढलं ना..."

"मिस्त्री, रचनेतलं तुम्हाला काय कळतं? बसा फक्त."

मिस्त्री बसले आणि वेळ झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. पाच गोळे गेले आणि समोरच्या टेकडीवर एकदमच फुटले. धूर खाली बसायच्या आत तोफ वळून मंडपासमोर येऊन थांबलीसुद्धा. प्रमुख पाहुणे खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागले, म्हणून बाकीचेही उठले. झाकण उघडून मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं.

"आणि या वीराला," संचालक ध्वनिक्षेपकावर गरजले, "हा प्रकल्प पूर्ण होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, मी मुदतवाढ जाहीर करतो! त्यांच्याशिवाय ही तोफ म्हणजे नुसतं बावन्न टन लोखंड आहे!"

पुन्हा टाळ्या. तिसऱ्या रांगेत, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांत, एक बाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती मिस्त्रींकडे बघत होती. त्या नजरेपुढे चाळीस किलोमीटरचा पल्ला म्हणजे पोरखेळ.

प्रमुख पाहुणे ध्वनिक्षेपक घेऊन स्वतः तोफेपाशी आले. "बोला मिस्त्री! देश ऐकतोय. काय हवं ते मागा!"

मिस्त्रींनी आत वाकून सीटखालच्या पेटीचे बोल्ट पाहिले. चारच होते. मग त्यांनी मंडपातल्या साडेतीनशे इंजिनियरांवरून नजर फिरवली आणि घसा साफ केला.

"एकोणीस नंबरचा पाना आहे का हो कुणाकडे?"