हेरॉनसाहेबांच्या टपालाचे दाबयंत्र

लोखंडाच्या दोन जाड पाट्या, मधोमध उभा स्क्रू आणि वर फिरवायची मूठ, एवढाच माझा देह. मित्रांनो, मी पत्रांची नक्कल काढणारे एक जुने दाबयंत्र आहे. ताज्या शाईचे पत्र वहीतल्या ओलसर, पातळ कागदाला लावून माझ्यात दाबले की त्याचा ठसा उमटे. पत्र टपालात जाई, ठसा वहीत राही.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मी जन्मले, पण आयुष्य गेले डरहॅममध्ये, कथबर्ट हेरॉन यांच्या अभ्यासिकेत. हेरॉनसाहेब सरकारचे खाण-निरीक्षक होते. कोळशाच्या खाणींत माणसे सुरक्षित आहेत की नाहीत, हे पाहणे त्यांचे काम. जीव मात्र त्याच खडकांत उमटलेल्या प्राचीन नेच्यांत, म्हणजे फर्नच्या पानांत, गुंतलेला. ते पाने ओळखत आणि त्यांची धाकटी बहीण टॅबिथा ती चितारत असे. माझी मूठ फिरवायची तीच. सकाळी खाणमालकांना कडक पत्रे, संध्याकाळी स्वीडनच्या प्राध्यापक लिंडेक्विस्टना नेच्यांविषयी लांबलचक पत्रे. दोन्ही एकाच वहीत, पानाला पान लागून.

"लंडनच्या कचेरीला लिहिताना तुझं अक्षर रागावलेलं दिसतं," टॅबिथा म्हणायची.

"रागावलेलं नाही गं, भुकेलेलं. जेवायला वाढ आता."

एका हिवाळ्यात लिंडेक्विस्टांचे पत्र आले. नेच्यांवरचा त्यांचा ग्रंथ तयार होत आला होता. मार्चअखेर तुमचे लेखन आणि चित्रे पाठवा, सगळ्यांच्या नावाने एकत्र छापू. त्यापुढे छापखाना थांबणार नाही, असे त्यांनी कळवले होते. टॅबिथाने ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले. तरुणपणापासून ती चित्रे काढत होती, पण तिचे नाव कुठेच छापून आले नव्हते. या वेळी ते येणार होते.

त्याच आठवड्यात कोल्डबर्न गावाहून मार्जरी डॉड या खाणकामगाराच्या बायकोचे पत्र आले. नवरा रोज चिंब भिजून येतो, पाण्याला कुजका वास असतो आणि मालक म्हणतात काही नाही. हेरॉनसाहेब वाचता वाचता उभेच राहिले. त्या खाणीशेजारी सोडून दिलेली जुनी खाण पाण्याने भरलेली होती. मधली भिंत झिरपू लागली असावी.

"हाताखालच्या माणसाला पाठव ना," टॅबिथा म्हणाली.

"मालकांपुढे त्याचा निभाव लागायचा नाही. नकाशे काढून घ्यायचे, भिंत तपासायची, मग भांडायचं. मार्च सगळा त्यातच जाईल."

"आणि माझी चित्रं? तुझ्या लेखनाशिवाय ती कशी जाणार?"

"टॅबी, तू म्हणशील तर थांबतो."

ती बराच वेळ कागद ओले करत राहिली. मग म्हणाली, "हे माझ्यावर ढकलू नकोस, कथबर्ट. जायचंय तर जा."

ते गेले. भांडून त्यांनी खाणीचा खालचा थर बंद करवला. कामगारांची मजुरी बुडाली. लोकांनी त्यांच्या गाडीवर चिखल फेकला. मार्जरीने पुन्हा लिहिले, 'पोरं उपाशी आहेत, साहेब. मी उगाच लिहिलं.' साहेबांचे उत्तर माझ्याखालून गेले. 'तुम्ही बरोबर केलंत. शिव्या द्यायच्या तर मला द्या.'

एप्रिलमध्ये भिंत फुटली. सगळा खालचा थर पाण्याने भरला. तिथे कोणीच नव्हते. कोणी मेले नाही, म्हणून वर्तमानपत्रांतही काही आले नाही.

पुढे स्वीडनहून ग्रंथ आला. त्यावर एकट्या लिंडेक्विस्टांचे नाव होते. साहेबांनी त्याच दिवशी अभिनंदनाचे पत्र लिहिले. टॅबिथाने ते वाचले.

"एवढं गोड लिहायलाच हवं होतं का?"

"पुस्तक खरंच चांगलं झालंय, टॅबी."

तिने मूठ इतकी आवळली की नकलेतली अक्षरे फिसकटली.

साहेब वारल्यावर विद्वानांच्या एका मंडळाचे गृहस्थ घरी आले. त्यांना साहेबांची पत्रे छापायची होती. "ती खाणींची पत्रं तेवढी काढून टाका, बाई. शास्त्रज्ञ म्हणून नाव राहायला हवं."

"पानं एकत्र शिवलेली आहेत. एक ओढलं की दुसरं फाटेल," टॅबिथा म्हणाली. "आणि माझा भाऊ काही दोन माणसं नव्हता."

गृहस्थ टोपी घेऊन निघून गेले. पत्रे छापली गेली नाहीत. टॅबिथाने मरण्यापूर्वी मला आणि सगळ्या वह्यांना कोल्डबर्नच्या वाचनालयात पाठवले. तोवर टंकलेखन यंत्रे आली होती, माझे काम संपले होते. कित्येक वर्षे वाऱ्याने आपटणारे दार मी अडवून धरले. अंगावर गंज चढला.

आता मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. नेच्यांचे अभ्यासक अधूनमधून येतात. पण जास्त येतात ती गावातली माणसे. बंद केलेल्या थरात कोण कोण काम करत होते, ते साहेबांनी एका पत्रात लिहिले आहे. त्यात आपल्या पणजोबांचे नाव सापडले की ती त्यावरून बोट फिरवतात.

मित्रांनो, माझा गंज राहू द्या. त्या वह्यांना मात्र ऊन आणि ओल लागू देऊ नका. आणि कधी आलात, तर बोट हळू फिरवा. कागद फार पातळ आहे.